क्लबची गंगाजळी: किती, कुठे आणि कशासाठी

२०२१ ची दिवाळी होऊन चारच दिवस झाले होते. ८ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराचे बचत खाते असो, चालू खाते असो की आणखी काही, सगळे मिळून पाच हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येईल, असा तो आदेश होता. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, बँकेचा परवाना रद्द झाला. सुमारे ७९ टक्के ठेवीदारांना त्यांची संपूर्ण रक्कम ठेव विम्यातून मिळू शकेल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा जाहीर केले. ठेव विमा महामंडळाने तोवर २९४ कोटींहून अधिक रक्कम वाटलीही होती.

साधा वाचक या बातमीत ७९ च्या आकड्याशी थांबतो आणि बरेच निभावले म्हणतो. सामाजिक संस्थेच्या खजिनदाराने उरलेल्या २१ शी थांबायला हवे. ज्यांना पूर्ण रक्कम विम्यातून मिळणार नव्हती, ते विम्याच्या मर्यादेवरचे ठेवीदार. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे आणि त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. कुटुंबाचे वीस लाख असले तरी ते सहसा एका नावावर नसतात. थोडे नवऱ्याच्या, थोडे बायकोच्या, थोडे आईच्या नावावर असतात आणि प्रत्येकाला पाच लाखांचे वेगळे संरक्षण मिळते. संस्थेला ही सोय नाही. तिचे नाव एक, पॅन एक, म्हणून ठेवीदारही एकच. तिच्या सात पावत्या तीन शाखांत असल्या तरी विमा महामंडळ त्या एकत्र करून मोजते. चाळीस सभासदांनी दहा वर्षांत जमवलेला पैसा विम्याच्या हिशोबात एका माणसाचा ठरतो.

हे प्रकरण अशाच छोट्या संस्थांच्या पैशाबद्दल आहे. यवतमाळ, वणी, पुसद अशा गावांत रोटरी-लायन्सचे क्लब आहेत. त्यांच्याखेरीज नेत्रशिबिरे भरवणारी, उन्हाळ्यात पाणपोया चालवणारी, जूनअखेर शाळा उघडताना वह्या वाटणारी अनेक मंडळे आहेत. पगारी माणूस नाही, कार्यालय म्हणजे सचिवाच्या दुकानाचा वरचा मजला, आणि हिशोब पाहणारा सीए बहुधा सभासदांपैकीच. अशा संस्थेने शिल्लक किती ठेवावी, कुठे ठेवावी आणि ती कोणाची समजावी?

ओळखीची बँक

आधी ‘कुठे’ पाहू. नुकसान झटकन होते ते इथेच.

क्लबचा पैसा गावातल्या छोट्या बँकेत किंवा पतसंस्थेत जातो याला कारणे आहेत आणि ती सगळी वाईट नाहीत. व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळते. शाखाधिकारी ओळखतो, अध्यक्ष बदलला की सह्या बदलून देताना दहा खेटे घालायला लावत नाही. संचालकांपैकी एखादा क्लबचाच सभासद असतो. रक्तदान शिबिराच्या मंडपाचा खर्च ती बँक उचलते, फलकावर तिचे नाव येते. मग पुढच्या सभेत कोणी तरी म्हणतो, ‘आपले काम ते करतात, ठेव आपण त्यांच्याकडेच ठेवली पाहिजे.’ या वाक्याला भर सभेत विरोध करणे फार अवघड असते. विरोध केला तर तो माणसावर अविश्वास ठरतो.

म्हणून हा निर्णय माणसांवर न सोडता ठरावात बांधून ठेवावा. कायद्याने ती सोय करूनही ठेवली आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. न्यासाला लगेच न लागणारा पैसा कुठे ठेवायचा, हे त्याच्या ३५ व्या कलमात लिहिले आहे: शेड्यूल्ड बँक, टपाल बचत बँक, राज्य शासनाने या कामासाठी मान्य केलेली सहकारी बँक, किंवा सरकारी रोखे आणि तत्सम प्रतिभूती. या यादीत पतसंस्था नाही. शासनाने मान्य न केलेली सहकारी बँकही नाही. पतसंस्थेच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण मुळातच नसते, ही आणखी वेगळी गोष्ट. तेव्हा पतसंस्थेत ठेवलेली न्यासाची रक्कम दोन्ही बाजूंनी उघडी असते. बुडाली तर विमा नाही, आणि विश्वस्तांनी कायद्याबाहेर गुंतवणूक केली म्हणून जबाबदारी त्यांच्यावर.

ठेव विमा हा आपल्याकडे ठेच खाऊनच आला. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर १९६२ मध्ये हे महामंडळ उभे राहिले. तेव्हा संरक्षण दीड हजार रुपयांचे होते. १९९३ मध्ये ते एक लाख झाले आणि त्यानंतर सत्तावीस वर्षे तिथेच राहिले. १ सप्टेंबर २०२१ पासून आणखी एक मोठा बदल झाला. बँकेवर निर्बंध आले की परवाना रद्द होण्याची वाट न पाहता विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची. यवतमाळची बँक निर्बंधांखाली आली ती त्यानंतर दोनच महिन्यांनी. त्याआधीच्या ठेवीदारांना वर्षानुवर्षे थांबावे लागे.

पण ९० दिवस म्हणजे तीन महिने. क्लबला उद्याच्या मोतिबिंदू शिबिराचे पैसे द्यायचे असतील तर हे तीन महिनेही फार लांबचे असतात. म्हणून पाच लाखांच्या आतली रक्कमसुद्धा एकाच बँकेत ठेवू नये. रोजच्या वापराचे खाते एका बँकेत आणि मुदत ठेव दुसऱ्या बँकेत, यापैकी किमान एक राष्ट्रीयीकृत, हा साधा नियम बहुतेक क्लबांना पुरतो. गावातल्या सहकारी बँकेत खाते ठेवूच नये असे माझे म्हणणे नाही. विदर्भातल्या गावांना या बँकांनी हात दिला आहे. संस्थेचा राखीव पैसा मात्र नाते जपण्यासाठी नसतो. नाते सभासदांनी आपापल्या खात्यांतून जपावे.

शिल्लक ठेवावीच कशाला?

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि या प्रश्नावर तिथल्या म्हाताऱ्याचे मत सर्वांच्या विरुद्ध होते. सार्वजनिक संस्था कायम निधीवर चालवू नयेत, असे गांधीजींनी आत्मकथेत बजावून सांगितले आहे. त्यांचा अनुभव दक्षिण आफ्रिकेतला. संस्थेकडे व्याज येऊ लागले की तिला लोकांची गरज उरत नाही, ती लोकमताला जुमानत नाही, आणि मग मालमत्तेवरून भांडणे कोर्टात जातात, हे त्यांनी पाहिले होते. लोकांना संस्था हवी असेल तर ते दरवर्षी वर्गणी देतील, न दिल्यास ती बंद पडावी, असा हा विचार. इमारतीवाचून चालूच शकत नाहीत अशा संस्थांना त्यांनी सूट दिली होती, पण चालू खर्च मात्र वर्षाच्या वर्गणीतूनच झाला पाहिजे, हा आग्रह होता.

हे मत जुने म्हणून बाजूला ठेवता येत नाही. गांधीजींनी सांगितलेला रोग आजही दिसतो. खात्यात मोठी मुदत ठेव पडून आहे, तिच्या व्याजावर पदग्रहण सोहळा होतो, आणि त्याच क्लबचे सभासद वह्यावाटपासाठी बाजारात पावती पुस्तक घेऊन फिरतात. देणगीदार कापड दुकानदाराला ठेवीची कल्पना नसते. त्याने ताळेबंद मागितला तर काय दाखवणार? ठेव वाढणे हीच कामगिरी वाटू लागली की सेवा हा जोडधंदा होतो.

तरीही यवतमाळ जिल्ह्यात राहून मी गांधीजींशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. याचे कारण इथले पाणी आणि इथले पीक.

निळोणा आणि चापडोह ही दोन धरणे यवतमाळ शहराची तहान भागवतात. २०१८ च्या उन्हाळ्यात ती आटली आणि शहर टँकरवर आले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या पावसाळ्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. जुलै २०२३ मध्ये उलटेच घडले. अतिवृष्टीने महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुराने वेढले आणि लोकांना काढण्यासाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली.

अशा प्रत्येक वेळी देणग्या येतात, भरभरून येतात, पण त्या बातम्या छापून आल्यावर, छायाचित्रे फिरल्यावर येतात. टँकरवाला, औषध दुकानदार आणि किराणा व्यापारी यांचा पैसा पहिल्या दिवसापासून लागतो. शासकीय रुग्णालयाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना दोन वेळचे जेवण द्यायचे तर तेही त्याच दिवशी. पहिल्या आठ दिवसांचा खर्च आणि आठव्या दिवसानंतरची देणगी यांच्यामध्ये जे रिकामे अंतर आहे, ते भरायला राखीव निधी लागतो. उधारीवर ते भरणे सोपे नाही. न्यासासाठी कर्ज काढणे हा मनमर्जीचा नाही, कायद्याने मंजुरीचा विषय आहे. आणि अध्यक्षाने खिशातून घातलेले पैसे परत घेताना जो वाद होतो, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

थोडक्यात, शिल्लक हवी, पण आधीच काही कामाला बांधलेली हवी. कोणत्या कामासाठी ते सांगता येत नसेल, तर ती रक्कम लोकांना परत देण्याच्या लायकीची आहे, म्हणजे यंदाच्याच शिबिरात खर्च करण्याच्या.

किती?

परदेशी पुस्तके सांगतात की तीन ते सहा महिन्यांच्या चालू खर्चाइतका राखीव निधी ठेवा. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांना आपले राखीव निधीचे धोरण वार्षिक अहवालात लिहावे लागते. ती पद्धत घेण्यासारखी आहे, आकडा मात्र नाही. तो पगार देणाऱ्या संस्थांसाठी बांधलेला आहे. आपल्या क्लबला पगार नाहीत, त्यामुळे ‘महिन्याचा खर्च’ या शब्दांना फारसा अर्थ नाही. मार्चमध्ये पाणपोईवर खर्च, जूनमध्ये वह्यांवर, दसरा-दिवाळीला देणग्या, कापूस विकला गेल्यावर आणखी थोड्या, आणि मधले महिने कोरडे.

म्हणून महिने न मोजता दिलेले शब्द मोजावेत. समजा, एका तालुक्याच्या गावी चाळीस सभासदांचा क्लब आहे. हे आकडे फक्त समजुतीपुरते. वर्गणी सहा हजार, म्हणजे वर्षाला २,४०,००० रुपये. त्यातले एक लाख वरच्या संघटनेला जातात, साठ हजार सभांवर, तीस हजार ऑडिट, छपाई, टपाल यांवर. वरच्या संघटनेचे देणे कसे असते हे नव्या सभासदांना ठाऊक नसते. रोटरीत १ जुलै आणि १ जानेवारीच्या सभासदयादीवरून सहामाही देयक निघते आणि ते डॉलरच्या हिशोबाने असते. सभासद ऑगस्टमध्ये सोडून गेला तरी त्याचे पैसे क्लबला भरावे लागतात. रुपया घसरला तर बिल वाढते. तेव्हा या १,९०,००० च्या निम्मे, म्हणजे ९५,००० रुपये, प्रशासनाच्या बाजूला राखीव ठेवणे शहाणपणाचे.

आता या क्लबकडे एक रुग्णवाहिका आहे असे समजू. कोणी तरी वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली. दान देताना छायाचित्र निघाले, बातमी आली, गाडीवर नाव रंगले. चालकाचे मानधन, विमा, फिटनेस, टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग यांचे दान मात्र कोणी देत नाही. चालकाला महिन्याला दहा हजार धरले तर वर्षाचे १,२०,०००, बाकीचे ८०,०००, एकूण दोन लाख. गाडी चालू ठेवण्याचा शब्द गावाला दिलेला आहे. तो पाळायचा तर एका वर्षाचे दोन लाख हाताशी हवेत. अनेक गावांत दात्याचे नाव अजून ठळक असलेली गाडी टायर नाहीत म्हणून उभी असते. देणगी स्वीकारणे हा खर्चाचा निर्णय आहे, मिळकतीचा नाही, हे क्लबांना उशिरा कळते.

त्यावर आपत्तीच्या पहिल्या आठ दिवसांसाठी ७५,००० रुपये. एकूण झाले ३,७०,०००. एवढ्यात क्लब ताठ मानेने उभा राहतो. ही रक्कम विम्याच्या मर्यादेच्या आतही बसते, हा योगायोग सोयीचा आहे.

गाडी कधी तरी बदलावी लागेलच. नवीनची किंमत दहा लाख धरा. याचा विचार पहिल्याच वर्षापासून झाला पाहिजे, आणि इथे प्राप्तिकराचा कायदा मध्ये येतो.

पंधरा टक्क्यांचे गणित

करमाफीसाठी नोंदलेल्या धर्मादाय न्यासाने वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के आपल्या उद्देशांवर प्रत्यक्ष खर्च केले पाहिजेत. उरलेले १५ टक्के कारण न सांगता साठवता येतात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, चौकट हीच ठेवली. १५ टक्के हे उत्पन्नावर मोजायचे, शिलकीवर नाही. आपल्या क्लबने सेवेसाठी नोंदलेल्या न्यासाला वर्षाला चार लाखांच्या देणग्या येतात असे धरले तर साठवता येतील फक्त साठ हजार. रुग्णवाहिकेचे दोन लाख आणि आपत्तीचे पाऊण लाख मिळून २,७५,००० उभे करायला साडेचार वर्षांहून अधिक काळ जाईल. ‘माझ्या वर्षात क्लबची गंगाजळी उभी करतो’ असे पदग्रहणाच्या भाषणात म्हणणाऱ्या अध्यक्षाला हे गणित कोणी तरी शांतपणे दाखवावे. हे पाच अध्यक्षांचे काम आहे.

पंधरा टक्क्यांवर साठवायचे तर कारण लिहून द्यावे लागते. ठरलेल्या नमुन्यात, वेळेत, नेमका हेतू सांगून जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी रक्कम बाजूला ठेवता येते. ‘समाजोपयोगी कार्य’ असे मोघम लिहून चालत नाही, ‘नवी रुग्णवाहिका खरेदी’ असे लिहावे. पाच वर्षांत खर्च झाला नाही तर ती रक्कम उत्पन्न धरली जाते. म्हणजे गाडीसाठीची जमवाजमव तिच्या आयुष्याच्या उत्तरार्धात करायची. दुसरा मार्ग कायम निधीचा. देणगीदाराने लेखी सांगितले की ही रक्कम कायम निधीसाठी, तर ती वेगळी धरली जाते, पण तिची गुंतवणूकही वेगळी आणि ठरवून दिलेल्या मार्गांनीच ठेवावी लागते. तोंडी सांगितलेले चालत नाही. ‘काकांनी तेव्हा तसेच म्हटले होते’ हा पुरावा होत नाही.

आणखी दोन बारकावे. दोन हजारांवरची रोख देणगी देणाऱ्याला देणगीवरची प्राप्तिकर सवलत (जुन्या कायद्यातली ८०जी) मिळत नाही, तेव्हा पावती फाडण्याआधी त्याला हे सांगणे आपले काम. निनावी देणगीला मर्यादा आहे: एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांपैकी जे जास्त, त्यावरच्या रकमेवर ३० टक्के कर. दानपेटी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

न्यास न नोंदता नुसताच क्लब म्हणून चालणाऱ्यांचा एक गोड गैरसमज असतो: पैसा आपलाच, आपल्यासाठीच, मग कर कसला? वर्गणीपुरते हे बरोबर आहे. सभासदांनी एकमेकांसाठी काढलेल्या पैशाला उत्पन्न मानत नाहीत. पण हाच पैसा बँकेत मुदत ठेवीत टाकला की बँक तो बाहेरच्यांना कर्जाऊ देते, आणि मग मिळणारे व्याज सभासदांच्या आपसातले राहत नाही. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर क्लबच्या खटल्यात नेमके हेच म्हटले. बंगलोर क्लब गडगंज, आपला क्लब चहा-बिस्किटांचा, पण तत्त्व दोघांना सारखेच.

लायन्स आणि रोटरी या दोन्ही संघटना एका गोष्टीवर ठाम आहेत. प्रशासनाचा पैसा आणि सेवेचा पैसा वेगळा ठेवायचा. लोकांकडून गोळा केलेली रक्कम लोकांसाठीच खर्च व्हावी, तिच्यातून सभासदांचे जेवण निघू नये. मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. दोन खाती तर हवीतच, पण सेवेच्या ठेवीवरचे व्याजही सेवेच्याच खात्यात गेले पाहिजे. गळती सुरू होते ती याच व्याजातून, आणि ती कोणाला चोरी वाटत नाही, म्हणून अधिक धोक्याची.

रोटरीच्या जागतिक प्रतिष्ठानाकडून शिकण्यासारखे एक आहे. १९१७ मध्ये आर्च क्लम्फ यांनी त्याची कल्पना मांडली आणि त्यात पडलेली पहिली देणगी साडेसव्वीस डॉलरची होती. आज वार्षिक निधीत आलेली देणगी तीन वर्षे गुंतवतात, त्या काळातल्या मिळकतीतून व्यवस्थापनाचा भार हलका होतो, आणि तीन वर्षांनी मुद्दल कामाला येते, त्यातला साधारण निम्मा भाग ज्या जिल्ह्याने दिला त्याच्याच वाट्याला. देणगीचे वर्ष आणि खर्चाचे वर्ष यांत मुद्दाम अंतर ठेवल्यामुळे या वर्षी किती मिळेल याची धाकधूक न राहता तीन वर्षांनंतरचा अंदाज आज बांधता येतो. कायद्याची चौकट वेगळी असल्याने आपल्याला ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही, पण पुढच्या वर्षाच्या वह्यांचे पैसे या वर्षी जमले असले पाहिजेत, एवढे तरी घेता येईल.

जुलैचा घोळ

सेवा क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते, सरकारचे १ एप्रिलला. एका अध्यक्षाच्या कारकिर्दीचे पहिले नऊ महिने एका ताळेबंदात आणि शेवटचे तीन दुसऱ्यात. त्यामुळे कोणत्याही एका अध्यक्षाचा पूर्ण हिशोब एका ऑडिटमध्ये कधीच येत नाही. ‘ते मागच्या वर्षातले आहे’ हे उत्तर दोघांनाही देता येते. उपाय सोपा आहे. ३० जूनचे बँक पासबुक, हातशिल्लक, ठेवींच्या पावत्या आणि देणेकऱ्यांची यादी यांवर जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही खजिनदारांच्या सह्या घ्याव्यात. हा कागद ऑडिटची जागा घेत नाही, पण पुढची भांडणे मिटवतो.

न्यासाच्या बाबतीत घोळ अधिक खोल जातो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत २२ व्या कलमाखाली बदल अर्ज करायचा असतो. दरवर्षी पदाधिकारी बदलणाऱ्या संस्थेला दरवर्षीचे हे काम, म्हणून ते मागे पडते. काही वर्षांनी धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत अजूनही ती नावे सापडतात, ज्यांतला एक बदली होऊन गेला आणि एक हयात नाही. बँक नव्या सह्यांसाठी कागद मागते, कागद जुळत नाहीत, आणि खाते असून पैसा हलत नाही. आता पुन्हा आठवा, पुराचा आणि साथीचा महिना कोणता असतो? जुलै. म्हणजे राखीव निधीची गरज पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, त्याच महिन्यात धनादेशावर सही कोणाची हे ठरलेले नसते. ज्या क्लबांनी अधिकृत सह्या अध्यक्षाच्या वर्षाशी न बांधता दीर्घ मुदतीच्या विश्वस्तांकडे ठेवल्या आहेत, त्यांची यातून सुटका झाली आहे.

स्वतःचे भवन हे गंगाजळीचे रूप समजणाऱ्यांसाठी दोन वाक्ये. न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची तरी परवानगी लागते. भवन सभेला उपयोगी पडेल, लग्नाला भाड्याने जाईल, पण पुराच्या दिवशी त्याचे टँकर होत नाहीत. आधी ते सुमारे पावणेचार लाख, मग भूमिपूजन.

तुम्ही अशा एखाद्या क्लबचे सभासद असाल, तर येत्या आमसभेत चार गोष्टी लेखी मागा: आपली शिल्लक कोणकोणत्या बँकेत किती आहे, त्यातली किती रक्कम कोणत्या कामासाठी राखलेली आहे, मागच्या वर्षीचे व्याज कोणत्या खात्यात गेले, आणि शेवटचा बदल अर्ज केव्हा दाखल झाला. खजिनदाराला याची उत्तरे शोधायला वेळ लागला तर रागावू नका. पुढच्या सभेपर्यंतची मुदत द्या, पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.